परमिट घेतलंय का?

आमचे अण्णा 1979 साली वीज बोर्डात हेल्पर म्हणून लागले आणि 2014 साली प्रधान तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. मधे 2005 मध्ये बोर्डाचं महावितरण झालं, पण अण्णांच्या तोंडी अजून बोर्डच. त्यांच्या शर्टाच्या खिशात एखादवेळी पेन नसेल, टेस्टर असतोच. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे आमच्या ऑफिसच्या भाषेत मीही टेस्टरच. दुसऱ्यानं केलेल्या कामात चूक असणारच असं धरून चालायचं, याचा मला पगार मिळतो.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा आणि आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडं न्यू जर्सीत आले. आम्ही एडिसनला राहतो. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती आणि 1954 मध्ये गावानं त्याचं नाव घेतलं, हे कळल्यावर अण्णा विमानाचा शीण विसरले आणि दुसऱ्याच दिवशी तिथला स्मारकाचा मनोरा बघून आले.

त्याच महिन्यात माझ्या नवऱ्यानं एक जुना हॉट टब आणला. घर विकून दुसऱ्या राज्यात निघालेल्या एका गृहस्थाकडून, 500 डॉलरला. वर वीज जोडायचा बाहेरचा डबा फुकट. निमित्त अण्णांचे गुडघे. सहा जणांनी मिळून टब परसात आणून टेकवला. इलेक्ट्रिशियननं जोडणीचे 1,800 डॉलर सांगितले. अण्णांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि रात्रीची जेवणं झाल्यावर नातवाचे रंगीत खडू आणि कोरा कागद घेऊन टेबलापाशी बसले. तिथं सुरू झालेलं बोलणं तीन दिवस चाललं.

पहिली रात्र

अण्णा : दीड लाख रुपये. चार तारा जोडायला! पोरी, पस्तीस वर्षं मी अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर काढली. हा तर पाणी तापवायचा बंब आहे, जरा मोठा. जावईबापूंना म्हणावं, फक्त वायर आणा. रविवारी संध्याकाळी पाण्यात बसू.

मी : पैशांचं नंतर बघू. आधी परमिट काढावं लागेल. टाउनशिपच्या बांधकाम खात्यात अर्ज, आकृती, फी. काम झालं की त्यांचा विजेचा निरीक्षक येऊन बघणार.

अण्णा : आपल्याच परसात आपलाच बंब जोडायला सरकारची परवानगी?

मी : स्वतःच्या राहत्या घरात मालकाला स्वतः काम करायची मुभा आहे इथं. पण परमिट त्यालाही चुकत नाही.

अण्णा : म्हणजे काम आपण करायचं आणि पैसे त्यांना द्यायचे. परमिटचं मला नको सांगूस.

मी : तुम्हीच शिकवलंय ते. शाळेतून येताना मी तुम्हाला डबा द्यायला यायची. कुणी खांबाला शिडी लावली की तुम्ही खालून ओरडायचात, ‘परमिट घेतलंय का?’

अण्णा : ते परमिट निराळं गं. सबस्टेशनचा ऑपरेटर फीडर बंद करणार, वहीत वेळ घालणार, सही करणार. मग आम्ही लाइन अर्थ करणार आणि मग माणूस वर चढणार. ज्याची सही, त्याच्या हातात माझा जीव. तुझ्या टाउनशिपच्या कारकुनाच्या हातात काय असतं? शिक्का.

मी : बरं, अर्जाचं राहू द्या. आकृती तर काढा. कसं जोडणार ते दाखवा मला.

(अण्णांनी चौकोन काढून त्याला ‘टब’ असं नाव दिलं. घराच्या पॅनेलपासून टबापर्यंत तीन रेघा ओढल्या : लाल, काळी, हिरवी. टबाच्या झाकणावरच्या नकाशात चौथी, पांढरी तारही होती. ती त्यांनी तुटक रेघेनं काढली आणि पुढं प्रश्नचिन्ह टाकलं.)

अण्णा : लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. पांढरी काहीतरी जादा दिसतीय, ती बघू नंतर.

मी : अण्णा, तुमच्या या चित्रात एक माणूस मेला.

अण्णा : काय?

मी : इथं काळी तार जिवंत असते. लालही जिवंत. न्यूट्रल पांढरी. हिरवी तेवढी आपल्यासारखी.

अण्णा : काळी जिवंत? असं कुठं असतंय का?

मी : इथं असतं. आपल्याकडं एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 व्होल्ट मिळतात. इथं घरात दोन जिवंत तारा येतात. कुठलीही एक आणि न्यूट्रल घेतली तर 120, दोन्ही जिवंत तारा घेतल्या तर 240. टबाचा हीटर आणि मोठे पंप 240 वर चालतात. पाण्यात ओझोन सोडणारं यंत्र आणि किरकोळ गोष्टी 120 वर, म्हणून पांढरी लागते. मधे न्यूट्रल आणि दोन्ही बाजूंना जिवंत तारा ही तीन तारांची पद्धत मुळात तुमच्या मनोऱ्यातल्या एडिसनची, 1880 च्या दशकातली. तांबं कमी लागावं म्हणून काढलेली.

अण्णा : मी काही आंधळेपणानं हात घातला नसता. आधी टेस्टर लावला असता.

मी : लावला असता. काळ्या तारेवर दिवा लागला असता. मग तुम्ही म्हणाला असता की कुठल्यातरी गाढवानं उलटं जोडलंय, आणि ते ‘सरळ’ करायला बसला असता.

(यावर अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी काळा खडू डब्यात ठेवला.)

अण्णा : ब्रेकर किती अँपचा लागतो म्हणालीस?

मी : 50 चा. टबाच्या पाटीवर तसं लिहिलंय. तांब्याची जाड वायर, इथल्या मापानं सहा नंबरची.

अण्णा : 50 गुणिले 240, बारा किलोवॉट. अगं, एवढ्यात आपल्या आळीतली पिठाची गिरणी चालेल आणि वर विहिरीवरची मोटार. घराचा सँक्शन लोड किती?

मी : 200 अँपचा मेन आहे. पण शेगडी, कपडे वाळवायचं मशीन, एसी, गाडीचं चार्जर, सगळं त्यातच. टब धरून बेरीज कुठं जाते, ते अर्जात दाखवावं लागतं.

अण्णा : हे बरोबर आहे. न विचारता लोड वाढवणाऱ्यांनी आमची डीपी किती वेळा जाळली आहे, मोजदाद नाही.

मी : अजून एक. टबाच्या जवळ, नजरेसमोर, सगळ्या जिवंत तारा एकदम तोडणारा खटका हवा. पण पाण्याच्या कडेपासून निदान पाच फूट लांब.

अण्णा : नजरेसमोर, म्हणजे आत हात घातलेल्या माणसाला दिसलं पाहिजे की खटका कुणी ओढत नाही. आणि पाच फूट, म्हणजे पाण्यात बसलेल्याचा हात पोचता कामा नये. हा नियम करणारा माणूस खांबावर चढलेला असणार.

दुसरा दिवस, सकाळ

सकाळी चहाच्या आधीच अण्णा परसात फिरत होते. पायानं माती उकरून बघत होते. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी गाजराच्या वाफ्याशेजारी काठीनं एक चौकोन आखला होता.

अण्णा : इथं खड्डा घेऊ. पाच फूट खोल. तांब्याची प्लेट, वर कोळसा, मीठ, कोळसा, मीठ. टबाचं अर्थिंग एकदम पक्कं. बाकी नियमांचं काय ते होऊ दे.

मी : खड्डा चांगला जमला तर त्याचा रेझिस्टन्स किती येईल?

अण्णा : ही माती ओली आहे. तरी 25 ओहम धर.

मी : जिवंत तार सुटून टबाच्या लोखंडी सांगाड्याला लागली. 120 व्होल्ट. खड्ड्यातून किती करंट जाईल?

अण्णा : 120 भागिले 25. चार पॉइंट आठ.

मी : 50 अँपचा ब्रेकर पडेल?

अण्णा : (थोडं थांबून) पाच अँपला? आयुष्यभर नाही पडणार.

मी : म्हणजे सांगाडा जिवंतच राहणार, आणि आपण म्हणणार, अर्थिंग केलंय की. म्हणून इथं हिरवी तार मातीत सोडून देत नाहीत. इन्सुलेशनवाली तांब्याची तार थेट घराच्या पॅनेलपर्यंत परत नेतात, जिथं अर्थ आणि न्यूट्रल जोडलेले असतात. त्या वाटेवर रेझिस्टन्स जवळजवळ नसतोच. शेकडो अँपचा झटका बसतो आणि ब्रेकर क्षणात पडतो. बाहेरच्या डब्यात मात्र न्यूट्रल आणि अर्थ वेगळेच ठेवायचे.

अण्णा : हे मला ठाऊक नाही असं नाही. पण डोक्यात खड्डा बसलाय. आमच्याकडं कुणी अर्थिंग विचारलं की आम्ही खड्डा दाखवायचो. विचारणाऱ्याचंही समाधान, आमचंही.

मी : तुमच्या जावयाचं आणखी एक स्वप्न आहे. टब डेकमध्ये खाली उतरवायचा, कडा फळ्यांच्या बरोबरीनं. हॉटेलात असतं तसं.

अण्णा : मग काय बिघडलं?

मी : मग नियम बदलतो. टब बाहेर वापरायचा म्हणून प्रमाणित असेल, जमिनीवर बसवलेला असेल आणि भोवतालच्या 30 इंचांच्या पट्ट्यापेक्षा त्याची कड निदान 28 इंच उंच असेल, तर एका मोठ्या कामातून सूट आहे. कड खाली आणली की सूट गेली. मग टबाभोवती दीड ते दोन फुटांवर, जमिनीत, उघड्या तांब्याच्या तारेचं कडं घालायचं आणि ते टबाच्या धातूच्या भागांना, पंपाला जोडायचं. खरं सांगू? हे का, ते मला नीट कळलेलं नाही. अर्थ तर आधीच दिलाय.

अण्णा : (हसून) आता कशी सापडलीस! हे अर्थिंगच नव्हे. सबस्टेशनच्या यार्डात आपण खडीवर उभे असायचो, आठवतंय? त्या खडीखाली लोखंडाची जाळी असते. फॉल्ट झाला तर यार्डातली सगळी जमीन, सगळे खांब, सगळी यंत्रं एकदमच वर जायला हवीत. सगळंच वर गेलं की माणसाच्या हातात आणि पायात फरक उरत नाही. फरक नाही म्हणजे करंट नाही. गावाकडं तार तुटून पडली की म्हैस मरते आणि गुराखी कधी कधी वाचतो, ते का? म्हशीच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त. दोन पायांखालच्या जमिनीत व्होल्टेजचा फरक जास्त. माणूस ओल्या पायांनी जमिनीवर उभा राहून टबाच्या पाण्यात हात घालतो, तेव्हा त्याची म्हैस होऊ नये म्हणून ते कडं.

मी : हे मला पुस्तकातून तीनदा वाचून कळलं नव्हतं.

अण्णा : पुस्तकात म्हैस नसते. जावईबापूंना सांग, टब वरच राहू दे. माझे गुडघे दुखतात खरे, पण 28 इंच चढता येतं मला.

दुसरा दिवस, दुपार

दुपारी ब्रेकरच्या आकड्यांवरून जुंपली. इथल्या वीज जोडणीच्या नियमावलीचं, म्हणजे कोडचं, कलम 680 तलाव, कारंजी आणि हॉट टब यांच्यासाठी आहे. त्यात जीएफसीआय सांगितलाय. आपल्याकडं ज्याला लोक अजून ईएलसीबी म्हणतात, त्याच्याच जातीचा.

अण्णा : म्हणजे आपला आरसीसीबी. जाणारा करंट आणि येणारा करंट एकाच कड्यातून जातो. दोन्ही सारखे तर शांत. कमी परत आला, म्हणजे कुठंतरी गळतोय, की पडला. आपल्या घरातला 30 मिलीअँपचा. इथला कितीचा?

मी : पाच. सहाला पडलाच पाहिजे, चारच्या खाली पडता कामा नये.

अण्णा : पाच? अगं, तो रोज पडेल. जरा दमट हवा आली की पडेल. 30 नं माणूस मरत नाही. तो इतक्या झटकन तोडतो की हृदयाला काही होत नाही. पाचचा म्हणजे अतिशहाणपणा.

मी : कोरड्या खोलीत 30 चं ठीक असेल. पण पाण्यात माणूस फक्त हृदय बंद पडूनच मरतो का? तुम्हीच सांगायचात, करंट लागला की माणूस चिकटतो.

अण्णा : चिकटतो. स्नायू आवळतात, मूठ सुटत नाही.

मी : कितीला?

अण्णा : ते कोण मोजतंय?

मी : मोजलंय. बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅलझील म्हणून प्राध्यापक होते. त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन करंट हळूहळू वाढवला आणि मूठ कधी सुटेनाशी होते ते बघितलं. पुरुषांत सरासरी 16 मिलीअँप, बायकांत साडेदहा. मुलांचं त्याहून कमीच धरायचं. टबात बसलेल्याचे स्नायू आवळले आणि त्याला डोकं वर ठेवता आलं नाही, तर हृदय ठणठणीत असूनही तो बुडतो. डॅलझीलनीच 1961 मध्ये हे उपकरण काढलं. 1968 च्या कोडमध्ये ते आलं, ते तलावातल्या पाण्याखालच्या दिव्यांसाठी.

अण्णा : साडेदहा. म्हणजे तुझी आई 30 च्या आधीच चिकटली असती.

(हे ते टबाकडं बघून म्हणाले नाहीत. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.)

मग आम्ही टबाच्या बाजूच्या फळ्या काढल्या. आत फोम कुरतडून उंदरांनी झकास घरटं केलेलं. एका पंपाच्या वायरवर दातांच्या खुणा, आतलं तांबं चमकताना दिसत होतं. दुसऱ्या एका ठिकाणी दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेली.

अण्णा : बघ. तुझा निरीक्षक हे उघडून बघणार आहे?

मी : बहुतेक नाही. तो पॅनेलपासून टबापर्यंतचं बघेल. टबाच्या आतलं बरोबर आहे, हे कारखान्यातल्या प्रमाणपत्राच्या लेबलवरून धरून चालतात.

अण्णा : आणि लेबल लागलं तेव्हा हा उंदीर जन्मला नव्हता. नवीन वस्तू घेतलीस तर कारखान्याचं काम घेतेस. जुनी घेतलीस तर मधल्या सगळ्या मालकांचं आणि त्यांच्या ओळखीच्या लोकांचं काम घेतेस. ते कुठल्या अर्जात लिहायचं?

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अण्णा विजयी मुद्रेनं त्या फुकट मिळालेल्या डब्याकडं वळले. झाकण उघडलं. ब्रेकरवर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. चष्मा लावून वाकून बघितलं.

अण्णा : याचं बटण कुठाय?

मी : कसलं?

अण्णा : टेस्टचं. गळती बघणाऱ्या ब्रेकरला टेस्टचं बटण असतंच. याला नाही. हा साधा 50 अँपचा आहे. तो मनुष्य काय म्हणाला होता टब देताना? नीट आठव.

मी : म्हणाला, पूर्वी अधूनमधून ब्रेकर पडायचा, मग ओळखीच्या एका माणसानं दुरुस्त करून दिलं, तेव्हापासून एकदाही पडला नाही.

अण्णा : दुरुस्त केलं! पडणारा काढला आणि न पडणारा बसवला.

मी : पडायचा का, ते कसं कळणार?

अण्णा : तूच सांग, पुस्तक तुझं.

मी : एक कारण जोडणीतलं. टबाकडून येणारी पांढरी तार जीएफसीआय ब्रेकरवरच्या तिच्या जागी लावायची असते. ती चुकून शेजारच्या न्यूट्रलच्या पट्टीवर लावली, तर 120 वरचं काही सुरू झालं की जाणारा करंट कड्यातून जातो आणि येणारा बाहेरून परततो. ब्रेकरला वाटतं गळती आहे. लोकांना वाटतं ब्रेकर खराब आहे. दुसरं कारण, खरंच गळत असेल.

अण्णा : मीटर आण.

अण्णांनी हीटरच्या दोन्ही तारा सोडल्या. मीटरची एक पिन कॉइलच्या टोकाला, दुसरी तिच्या धातूच्या नळीला लावली. चांगल्या कॉइलला तिथं काहीच दिसता कामा नये. आतली तार आणि बाहेरची नळी यांच्यात पांढरी भुकटी ठासलेली असते. नळीला बारीक चीर गेली की ती भुकटी पाणी ओढते. मीटरवर आकडा हलला आणि वीस हजारांच्या आसपास स्थिरावला.

अण्णा : 120 भागिले वीस हजार.

मी : सहा मिलीअँप.

अण्णा : म्हणजे तो ब्रेकर खोटं बोलत नव्हता. आपला 30 चा असता तर त्याला पत्ताही लागला नसता.

मी : पण टबात बसणाऱ्यांना काही झालं नाही.

अण्णा : हिरवी तार जागेवर होती म्हणून. गळती तिच्यातून जात होती. एका उंदरानं ती तार तोडली असती, की पाणीच जिवंत. त्या ओळखीच्या माणसानं आधी राखणदार हाकलला. राहिली होती एक तार.

अण्णा खाली गवतावर बसले. पान्हा हातात तसाच.

अण्णा : तो ओळखीचा माणूस कामात कच्चा असेल असं नाही. बघ, स्क्रू कसे आवळलेत, तारा कशा वळवल्यात. हाताला सवय असलेला माणूस आहे. माझ्यासारखा. शेजारी म्हणाला असेल, ब्रेकर सारखा पडतो हो. यानं म्हटलं असेल, अर्ध्या तासाचं काम आहे.

मी : अण्णा, तुम्ही तसलं काही करत नव्हता.

अण्णा : साताऱ्यात आपल्या घरी गिझरचा आरसीसीबी पावसाळ्यात पडायचा. तुझ्या आईची आंघोळ अडायची, ती कटकट करायची. मी डायरेक्ट केला. चार पावसाळे झाले.

(परसात बराच वेळ कुणी बोललं नाही. आत आई नातवाला गोष्ट सांगत होती, तिचा आवाज येत होता.)

तिसरी रात्र

मी : मग परमिट काढायचं?

अण्णा : काढ. पण शिक्क्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे. खांबाखालचं परमिट का लागायचं माहितीय? वर चढणाऱ्याला काम येत नाही म्हणून नाही. चढणाऱ्याला आपण चुकू असं वाटत नाही, म्हणून. दुसऱ्या कुणीतरी वहीत बघून सांगायचं असतं की लाइन बंद आहे.

मी : मग मीही एक कबूल करते. निरीक्षक येऊन सही करून गेला असता, तर मी त्याच दिवशी मुलाला पाण्यात सोडलं असतं. उंदीर, टेप, हीटर, काहीच बघितलं नसतं. कागद मिळाला की माझी शंका संपते.

अण्णा : पगार तर शंकेचाच मिळतो ना तुला?

मी : घरी पगार मिळत नाही.

ठरलं ते असं. परवानाधारक इलेक्ट्रिशियन परमिट काढणार, पॅनेलची आणि डब्याची जोडणी करणार. डबा नवा, जीएफसीआयसकट. त्यानं मेगर आणून पंपांचं इन्सुलेशनही तपासायचं. साध्या मीटरला वाईट ते वाईट कळतं, पण चांगलं ते चांगलंच असं त्यावर धरता येत नाही. हीटरची कॉइल आणि कुरतडलेल्या वायरी त्याच कंपनीच्या मूळ भागांनी बदलायच्या. चर खणायचं काम अण्णा आणि जावयाकडं. प्लास्टिकच्या पाइपातून वायर न्यायची तर 18 इंच खोल. त्या हिशेबानं इलेक्ट्रिशियननं पैसे थोडे कमी केले, आणि अण्णांना तेवढंच समाधान.

खणायच्या आधी 811 ला फोन केला. माणसं येऊन गवतावर रंगानं रेघा मारून गेली : इथून गॅस, इथून केबल. अण्णा त्या रेघांचे फोटो काढत होते. ‘खणायच्या आधी सांगतात!’ एवढंच म्हणाले. आमच्या आळीत जेसीबीनं केबल तोडल्यावरच ती कुठून गेली होती ते कळतं.

निरीक्षक आला तेव्हा अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून टेप हातात धरून उभे होते. त्यानं खटक्याचं अंतर मोजलं, झाकण उघडून पांढऱ्या तारेची जागा बघितली, टेस्टचं बटण दाबलं. ब्रेकर टक्कन पडला. तेवढ्या आवाजानं अण्णांचा चेहरा खुलला. निरीक्षक सही करून गेला.

अण्णा : फळ्या उघडल्या नाहीत त्यानं.

मी : तुम्ही उघडल्या होत्या ना.

अण्णा पाण्यात बसले ते मात्र तिसऱ्या दिवशी. आधी मीटर लावून झालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी बटण दाबायचं, असं नातवाकडून वदवून घेतलं. ऑक्टोबरमध्ये दोघं साताऱ्याला परतले, आणि पुढच्याच आठवड्यात फोन आला.

अण्णा : बसवला बघ. 30 चा. गिझरचं बटण दाबलं तसा पडला.

मी : आता तर पाऊस नाही.

अण्णा : नाहीच. मी चार वर्षं पावसाला बोल लावत होतो. कॉइल फुटलीय. नवीन आणलीय, आत्ता घालतोच आहे. मेन बंद केलाय आणि तुझ्या आईला त्याच्याशेजारी उभं केलंय. कुणाला हात लावू देऊ नको म्हटलंय.

पलीकडून आईचा आवाज आला.

‘विचार त्यांना, परमिट परत कधी करणार? वीस मिनिटं झाली मी इथं उभी आहे, आणि तिकडं वांगी करपताहेत.’